संविधान बदलता येतं की येत नाही? (कलम ३६८, मूलभूत चौकट वगैरे)

झेडपीमास्तर

निवडणुका जवळ आल्या की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "हे निवडून आले तर संविधान बदलतील" हे एक. "कुणाची छाती आहे, संविधान बदलताच येत नाही" हे दुसरं. मी आठवी ते दहावीला नागरिकशास्त्र शिकवतो, पोरं ही दोन्ही वाक्यं घरून घेऊन येतात आणि माझ्याकडून निकाल मागतात. २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या, म्हणजे बदलता तर येतंच. आणि तरीही याच देशात दोन-तृतीयांश बहुमताने, सगळे सोपस्कार पाळून केलेली दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आहे, तीही एकापेक्षा जास्त वेळा. यावर जरा शांतपणे बोलावं म्हणून हा धागा. पक्षांची धुणी कृपया इथे धुवू नका.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी सांगून टाकलं होतं की या संविधानावर अंतिमतेचा शिक्का मारलेला नाही. अमेरिका-ऑस्ट्रेलियासारख्या अवघड अटी आपण घातल्या नाहीत, वाट सोपी ठेवली आहे. ती किती सोपी, हे दीड वर्षात दिसलं. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती, संसद हंगामी होती, आणि जून १९५१ मध्ये पहिली दुरुस्ती झालीसुद्धा. मद्रासचा जातवार जागावाटपाचा आदेश न्यायालयाने रद्द केला होता, बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा पाटण्यात अडकला होता, आणि 'क्रॉस रोड्स' व 'ऑर्गनायझर' या अगदी दोन टोकांच्या साप्ताहिकांवरची बंधनं सर्वोच्च न्यायालयाने उठवली होती. सरकारने एकाच दुरुस्तीत तिन्हींचा बंदोबस्त केला. मागासांसाठी खास तरतुदींची मुभा देणारं १५(४) आलं, अभिव्यक्तीवरची १९(२) मधली बंधनं वाढली, आणि जमीन कायद्यांना संरक्षण देणाऱ्या ३१अ-३१ब सोबत नववी अनुसूची जन्माला आली. या अनुसूचीत गेलेला कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासायचाच नाही, अशी सोय.

भांडण तिथून पेटलं. कलम १३ म्हणतं, मूलभूत हक्क कमी करणारा कायदा करू नका. मग घटनादुरुस्ती हाही त्या अर्थाने कायदाच ना? १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात न्यायालय म्हणालं, नाही. १९६४ मध्ये सज्जनसिंग खटल्यात पुन्हा नाही, पण पाचांतल्या दोघांनी शंका काढली. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात अकरा जणांचं पीठ बसलं आणि सहा विरुद्ध पाच असा उलटा निकाल आला की मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचा नाही. त्यानंतर बँकांचं राष्ट्रीयीकरण आणि संस्थानिकांचे तनखे या दोन्ही प्रकरणांत सरकार कोर्टात हरलं. १९७१ ला इंदिरा गांधी प्रचंड बहुमताने आल्या आणि २४वी दुरुस्ती केली: संसद संविधानाचा कोणताही भाग बदलू शकते.

यावर केशवानंद भारती. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी, मठाची जमीन केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात चाललेली. तेरा न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला निकाल, सात विरुद्ध सहा. २४वी दुरुस्ती वैध. गोलकनाथचा निकाल रद्द. संसदेला कुठलंही कलम बदलता येईल, मूलभूत हक्कांचंसुद्धा. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. आणि ज्या २९व्या दुरुस्तीने केरळचे कायदे नवव्या अनुसूचीत गेले होते, ती वैधच ठरली! स्वामींचं नाव देशभर झालं, जमिनीचं म्हणाल तर सरकार जिंकलं.

मला अडतं ते पुढे. त्या चौकटीत नेमकं काय येतं याची यादी संविधानात नाही, आणि सात न्यायाधीशांचीही एक यादी नाही. वर्गात मग काय सांगायचं?

सुगरण_सातारा

मास्तर, छान धागा. वाचतेय. (आमच्या वेळी नागरिकशास्त्राला वीस मार्क होते आणि बाई ते परीक्षेच्या आधल्या आठवड्यात उरकायच्या.)

काळा_कोट

मास्तर, एक भर घालते. सगळे घटनादुरुस्तीची पद्धत सांगणारं कलम ३६८ आणि दोन-तृतीयांश एवढंच धरून बसतात. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९४९ ला संविधान सभेत तरतुदींचे तीन गट सांगितले होते. काही गोष्टी साध्या बहुमताने बदलतात. काहींना सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. आणि जिथे केंद्र-राज्य संबंधांना हात लागतो तिथे वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते.

साध्या बहुमताचं उदाहरण म्हणजे आपण स्वतः. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तो मुंबई पुनर्रचना कायद्याने, साध्या बहुमताच्या कायद्याने. कलम ३ प्रमाणे राज्य तोडा, जोडा, नाव बदला, संबंधित विधानसभेचं मत मागवायचं. मान्य करायलाच हवं असं नाही. कलम ४ सरळ म्हणतं की याला घटनादुरुस्ती समजू नये. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ हुतात्मे झाले, कागदावर मात्र ती साधी बहुमताची गोष्ट होती.

तिसऱ्या गटाचंही उदाहरण घरचंच आहे. ९७वी दुरुस्ती, २०११, सहकारी संस्थांसाठी. संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, पाच वर्षांनी निवडणूक, वगैरे. हेतू चांगला होता. महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला १९६० चा सहकार कायदा त्याप्रमाणे बदललासुद्धा, प्रत्येक हाउसिंग सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'सत्त्याण्णवावी' हा शब्द ऐकू यायला लागला. पण सहकार हा राज्यसूचीतला विषय. त्यात केंद्राने इतकं खोलवर शिरायचं तर निम्म्या राज्यांची मान्यता घ्यायला हवी होती, ती घेतलीच नाही. २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द केला. इथे मूलभूत चौकटीपर्यंत जावंच लागलं नाही, कार्यपद्धतीतच गाडी अडली. १०१व्या दुरुस्तीला म्हणजे जीएसटीला मात्र आधी राज्यांकडे रीतसर पाठवलं गेलं.

वऱ्हाडी_झटका

मास्तर, तुमी लय मोठं लिवलं, पन आमच्या भाऊसाहेबायचं नाव राह्यलं नं!

डॉ. पंजाबराव देशमुख. पुढे दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते ते. दुरुस्तीच्या कलमावर चर्चा चालू असताना (तेव्हा त्या कलमाचा क्रमांक ३०४ होता) त्यांनी ३०४-अ नावाचं नवं कलम सुचवलं होतं. व्यक्तीच्या हक्कांचा संकोच करणारी कोणतीही दुरुस्ती मुळातच बाद समजावी, अशा आशयाचं. म्हणजे गोलकनाथमध्ये १९६७ ला जे निघालं ते भाऊसाहेबांनी १९४९ मध्येच मांडलं होतं. ती सूचना त्यांनी नंतर मागे घेतली. गोलकनाथच्या निकालात याचा उल्लेख आहे.

आता याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. एक बाजू म्हणते, बघा, हा विचार तेव्हाही होता. दुसरी म्हणते, विचार समोर आला आणि संविधान सभेने तो घेतला नाही, मग न्यायालयाने मागच्या दाराने का आणावा? मला दुसरी बाजू जड वाटते, भाऊसाहेब आमचे असूनही.

अजून एक. मास्तरांनी 'पाचांतल्या दोघांनी शंका काढली' म्हणून सोडून दिलं. त्यातले एक हिदायतुल्ला, नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. दुसरे ज. र. मुधोळकर, तेही विदर्भातलेच. संविधानाची मूलभूत वैशिष्ट्यं असतात आणि ती बदलणं म्हणजे दुरुस्ती की पुनर्लेखन, हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयात पहिल्यांदा मुधोळकरांनी लिहिला. आणि आधार कुणाचा घेतला? १९६३ च्या पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा, सरन्यायाधीश कॉर्नेलियस यांच्या. समोर बहुमताचा निकाल लिहिणारे सरन्यायाधीश गजेंद्रगडकर, सातारचे. एकाच पीठावर दोन मराठी माणसं, एक म्हणतो संसदेला सगळा अधिकार आहे, दुसरा म्हणतो थांबा जरा.

तिरकसराव

बराच वेळ आवरलं, आता लिहितो. सात माणसं. सात! तेरांपैकी सहा न्यायाधीश म्हणाले की अशी काही मर्यादा नाही. निकालपत्रं एकूण अकरा. कोण काय म्हणालं याची गोळाबेरीज म्हणून शेवटी एक कागद काढला, त्यावर नऊ जणांनी सह्या केल्या, चौघांनी केल्या नाहीत. साठ कोटींच्या देशाचा घटनात्मक पाया या गोळाबेरजेवर उभा?

आणि सातवं मत न्या. खन्नांचं. ते बाकी सहा जणांशी पूर्ण सहमत नव्हते. मूलभूत हक्कही बदलता येतात म्हणाले, मालमत्तेचा हक्क चौकटीत नाही म्हणाले, फक्त चौकट मोडू नका एवढंच. म्हणजे आज आपण ज्याला केशवानंदचा सिद्धांत म्हणतो ते खरं तर एका माणसाचं मधलं मत आहे.

२०१५ चं घ्या. ९९वी दुरुस्ती, न्यायाधीश नेमण्यासाठी आयोग. लोकसभेत विरोधात एकही मत नाही. निम्म्याहून जास्त राज्यांची मान्यता. १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक, रद्द. कारण? न्यायपालिकेचं स्वातंत्र्य ही मूलभूत चौकट. न्यायाधीश कुणी नेमायचे हे न्यायाधीशच ठरवणार आणि त्याला चौकट म्हणणार. पंचानेच बॅट हातात घेतल्यासारखं आहे हे.

सदाशिव_४११०३०

तिरकसराव, २०१५ च्या निकालावर तुमच्याशी अर्धा सहमत. न्या. चेलमेश्वर यांचं विरोधी मतही वाचण्यासारखं आहे. पण तुम्ही १९७५ वरून टुणकन उडी मारून पुढे गेलात.

१२ जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. सिन्हांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनच्या रात्री आणीबाणी. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला. आणि ३९व्या दुरुस्तीचं वेळापत्रक बघा: ७ ऑगस्टला लोकसभा, ८ ला राज्यसभा, ९ ला राज्यांची मान्यता, १० ला राष्ट्रपतींची सही. त्यात काय होतं? पंतप्रधान आणि लोकसभा अध्यक्षांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयात नेता येणार नाही, आणि आधीच लागलेला निकालही रद्द समजावा. सदस्यसंख्या पुरेशी, दोन-तृतीयांश पुरेसे, राज्यं पुरेशी. ३६८ च्या कार्यपद्धतीत बोट ठेवायला जागा नाही. विरोधी पक्षाचे बरेच नेते तेव्हा तुरुंगात होते, ही गोष्ट ३६८ मोजत नाही.

लागलेला निकाल रद्द समजावा म्हणणारं त्या दुरुस्तीतलं चौथं उपकलम ७ नोव्हेंबर १९७५ ला रद्द झालं, ऐन आणीबाणीत, मूलभूत चौकटीच्याच आधारावर. निवडणूक मात्र बाईंची वैध ठरली, कारण दरम्यान निवडणूक कायदाच मागच्या तारखेपासून बदलला होता. पण दुरुस्ती पडली ती पडली. चौकटीचा सिद्धांत नसता तर त्या दिवशी न्यायालयाच्या हातात काय होतं, तुम्हीच सांगा.

आणि आता पुण्याची फुशारकी मारू द्या थोडी. य. वि. चंद्रचूड. जन्म पुण्याचा, शाळा आणि लॉ कॉलेज पुण्याचं. १९७३ मध्ये हे कुठे होते? त्या सहांत! संसदेवर अशी मर्यादा नाही असं म्हणणाऱ्यांत. (दि. गो. पाळेकरही त्यातच.) १९७५ च्या निवडणूक खटल्यात त्यांनी बहुमताचा सिद्धांत आता कायदा झाला म्हणून मान्य केला आणि त्यावरच ३९वी दुरुस्ती तपासली. मग १९७६ मध्ये ४२वी दुरुस्ती आली. त्यात ३६८ ला दोन उपकलमं जोडली: घटनादुरुस्तीला कुठल्याही न्यायालयात आव्हान नाही, आणि संसदेच्या या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ही दोन्ही उपकलमं रद्द झाली, आणि निकाल लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूडांनी. मर्यादित अधिकार वापरून संसदेने स्वतःचा अधिकार अमर्याद करून घ्यायचा नाही, कारण अधिकार मर्यादित असणं हाच चौकटीचा भाग आहे, असा युक्तिवाद. १९७३ ला विरोधात मत देणाऱ्याने १९८० ला तो सिद्धांत पक्का केला. मधली सात वर्षं त्यांनी पाहिली होती ना.

(त्याच चंद्रचूडांनी एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येत नाही, असं मत दिलं होतं, हेही लिहिलं पाहिजे. तेव्हा एकटे विरोधात होते ते खन्ना. तुमचे 'मधल्या मताचे' खन्ना. त्यांना डावलून १९७७ मध्ये बेग सरन्यायाधीश झाले.)

नेकारकाठ

हायडेलबर्गहून लिहितोय, म्हणून हे सांगणं माझ्यावर आलंच. या सिद्धांताचं एक मूळ माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या गावात आहे. इथल्या विद्यापीठात दक्षिण आशियाच्या कायद्यांचा अभ्यास करणारे डिट्रिख कॉनराड नावाचे प्राध्यापक होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं. त्यांनी विचारलं, दोन-तृतीयांश बहुमत मिळालं तर जीविताच्या हक्काचं कलम २१ च काढून टाकता येईल का? पुन्हा मोगल बादशाही किंवा इंग्लंडच्या राजाची सत्ता आणता येईल का? मद्रासचे वकील एम. के. नंबियार यांच्या हाती ते व्याख्यान लागलं आणि त्यांनी गोलकनाथमध्ये ते मांडलं. केशवानंदमध्ये स्वामींचे वकील पालखीवाला यांच्या युक्तिवादातही तेच सूत्र आलं.

कॉनराड जर्मन होते यात योगायोग नाही. वायमार प्रजासत्ताकात हिटलरने सत्ता घटनेच्या कार्यपद्धतीतूनच पोखरली. १९३३ चा सर्वाधिकाराचा कायदा दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला होता, साम्यवादी खासदारांना आधीच अटक करून किंवा पळायला लावून. म्हणून १९४९ च्या जर्मन घटनेत कलम ७९(३) आहे: माणसाची प्रतिष्ठा, लोकशाही, संघराज्य ही तत्त्वं कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाहीत. बाकी घटना इथे साठाहून जास्त वेळा बदलली आहे, त्याबद्दल कुणी गळा काढत नाही.

तिरकसरावांचा मुद्दा इथूनच बळकट होतो, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. जर्मनांनी ते लिहून ठेवलं. आपल्याकडे न्यायालयाने वाचून काढलं.

बागायतदार_राहाता

कोर्टाच्या गोष्टी चालल्यात, जमिनीचं कुणीच बोलेना. हा सगळा वाद जमिनीवरून उभा राहिला हो. बिहार जमीन, गोलकनाथ जमीन (पंजाबातली), केशवानंद जमीन.

आमच्याकडे सीलिंग, म्हणजे शेतजमीन किती ठेवता येईल याची कमाल मर्यादा. महाराष्ट्राचा १९६१ चा कायदा, आणि १९७५ मध्ये मर्यादा आणखी खाली आणली: बारमाही बागायत १८ एकर, जिरायत ५४ एकर. कायदा नवव्या अनुसूचीत. त्यावर वामनराव विरुद्ध भारत सरकार हा खटला गेला, तो याच महाराष्ट्राच्या कायद्यावर. कायदा टिकला. पण निकालात रेघ ओढली गेली: २४ एप्रिल १९७३ च्या आधी अनुसूचीत गेलेले कायदे सुरक्षित, त्यानंतरचे चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील.

आमच्या पंजोबांची काही जमीन सीलिंगमध्ये गेली. घरात त्यावर अजून बोलणं निघतं. पण ज्यांना ती मिळाली त्यांच्या पोरांनी त्यावर डाळिंब लावलंय, तेही बघतोच की. कायदा वाईट होता असं मला म्हणवत नाही. नववी अनुसूची मात्र पुढे अडगळीची खोली झाली. १३ कायद्यांनी सुरू झाली आणि २८४ वर गेली. जमिनीशी काडीचा संबंध नसलेलं बरंच काही त्यात शिरलं. तमिळनाडूचं ६९ टक्के आरक्षण १९९४ मध्ये त्यातच ठेवलं. २००७ मध्ये कोएल्हो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी वामनरावची रेघ पक्की केली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं.

राज्यसेवा_मिशन

सर, मॅडम, मी राज्यसेवेची तयारी करतेय. चौकटीत नक्की काय काय येतं? प्रत्येक क्लासच्या नोट्समध्ये वेगळी यादी आहे. आणि १०६ दुरुस्त्या म्हणता, मग बातम्यांत १२९वी, १३०वी कशी येते?

काळा_कोट

बाळा, दुसऱ्या प्रश्नाचं आधी. तो विधेयकाचा क्रमांक असतो. सगळी विधेयकं मंजूर होत नाहीत, म्हणून विधेयकाचा आकडा पुढे पळतो. एकत्र निवडणुकांचं १२९वं विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये मांडलं गेलं. जुनं उदाहरण, ४४वी दुरुस्ती ही विधेयक म्हणून ४५वी होती. परीक्षेत इथे पोरं हमखास फसतात.

यादीचं. पक्की यादी नाही आणि ती पाठ करायच्या फंदात पडू नकोस. १९७३ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश सिक्री यांनी संविधानाची सर्वोच्चता, प्रजासत्ताक लोकशाही, धर्मनिरपेक्षता, सत्ताविभाजन, संघराज्य ही नावं घेतली. मुक्त निवडणुका १९७५ मध्ये आल्या. न्यायालयीन पुनर्विलोकन आणि हक्क व मार्गदर्शक तत्त्वांमधला तोल १९८० मध्ये. १९९४ च्या बोम्मई खटल्यात धर्मनिरपेक्षता आणि संघराज्यावर नऊ जणांनी पुन्हा शिक्का मारला. काय येत नाही हेही लक्षात ठेव: मालमत्तेचा हक्क. ४४व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढून ३००अ मध्ये साधा कायदेशीर हक्क म्हणून ठेवला, आणि चौकट जागची हलली नाही. उद्देशिकाही १९७६ मध्ये बदलली. तेव्हा घातलेले 'समाजवादी' आणि 'धर्मनिरपेक्ष' हे शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या गेल्या.

लातूरकडचा

मराठा आरक्षणाचं कुणी बोललंच नाही. ते चौकटीमुळे गेलं का?

काळा_कोट

नाही. ५ मे २०२१ च्या निकालात राज्याचा कायदा पडला तो पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवरून, ती ओलांडण्याइतकी अपवादात्मक परिस्थिती दिसत नाही म्हणून. त्याच निकालात १०२व्या दुरुस्तीलाही आव्हान होतं, ते फेटाळलं गेलं. पण तीन विरुद्ध दोन असा अर्थ निघाला की मागास वर्ग ठरवायचा अधिकार त्या दुरुस्तीने राज्यांकडून काढून घेतला आहे. संसद म्हणाली, आमच्या मनात तसं नव्हतं, आणि त्याच ऑगस्टमध्ये १०५वी दुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत दिला. कुणी कुणाला मोडीत काढलं नाही. न्यायालयाने अर्थ लावला, संसदेने मजकूर बदलला. १०६ पैकी बऱ्याच दुरुस्त्या अशाच आहेत, त्यांची बातमी होत नाही एवढंच.

संपादक

आरक्षणावर वेगळे धागे आहेत. इथे विषयाला धरून लिहावे. दोन प्रतिसाद काढले आहेत.

झेडपीमास्तर

सगळ्यांचे आभार. वर्गात काय सांगायचं ते मला साधारण मिळालं. ३९व्या दुरुस्तीच्या चार तारखा फळ्यावर लिहायच्या आणि पोरांनाच विचारायचं, यात काय चुकलं सांगा. नियम तर सगळे पाळलेत. यादी देण्यापेक्षा हे बरं. सात विरुद्ध सहा हेही लपवायचं नाही, आणि लगेचच शेलत, हेगडे, ग्रोव्हर या तिघांना डावलून विरोधी मताचे राय सरन्यायाधीश झाले हेही. वऱ्हाडी भाऊ, पंजाबरावांचं ३०४-अ सुद्धा सांगणार.

तिरकसराव

३९वी लाजिरवाणी होती, मान्य. नेकारकाठ यांनी माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नीट मांडलं. पण म्हणून शेवटचा शब्द न्यायाधीशांचा कसा होतो? चौकट लोकांची ना? मग लोकांना विचारा. चौकटीला हात लावायचा असेल तर सार्वमत घ्या. स्वित्झर्लंड घेतं, आयर्लंड घेतं, ऑस्ट्रेलिया घेतं.

सदाशिव_४११०३०

हे सुचवून झालंय, तिरकसराव. जनता सरकारच्या त्या ४५व्या विधेयकात हेच कलम होतं. धर्मनिरपेक्ष-लोकशाही स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका, न्यायपालिकेचं स्वातंत्र्य, यांना धक्का लावणारी दुरुस्ती सार्वमताने मंजूर झाल्याशिवाय लागू होणार नाही, आणि त्या सार्वमतात किमान ५१ टक्के मतदारांनी मतदान केलेलं असलं पाहिजे. म्हणजे राज्यसेवावाल्या ताईंना हवी होती तशी यादी संसदेपुढे लेखी आली होती. लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत काँग्रेसचं बहुमत होतं, तिथे ते कलम गळालं. सार्वमताची वाट बंद झाली आणि न्यायालयाची उरली.

मांडवीतीर

तुम्ही सार्वमत म्हणता, आम्ही गोंयकार ते करून बसलोय. १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं, अशी चिन्हं. पानं सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. संविधानात सार्वमताची तरतूद नव्हती, म्हणून संसदेने १९६६ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा केला होता, आणि मोहीम निःपक्षपाती व्हावी म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता.

पण मतपत्रिकेवर दोनच पर्याय. स्वतंत्र राज्य हवं असणाऱ्याने शिक्का कुठे मारायचा? त्याने पानांवर मारला आणि वीस वर्षं थांबला. ३० मे १९८७ ला राज्य झालं, ते मात्र संसदेच्या कायद्याने. त्यासाठी परत कुणी आम्हाला विचारलं नाही. आणि कोकणी आठव्या अनुसूचीत जायला १९९२ ची ७१वी दुरुस्ती लागली.

तिरकसराव

हे माहीत नव्हतं इतक्या तपशिलात. मग १९७८ च्या त्या विधेयकात सार्वमताचा प्रश्न कुणी तयार करायचा होता? आणि एखादी दुरुस्ती त्या चार गोष्टींना धक्का लावते की नाही, हे तरी कोण ठरवणार होतं? परत न्यायालयच?

सदाशिव_४११०३०

ती मारामारी राज्यसभेच्या चर्चेत असणार. जुनी इतिवृत्तं राज्यसभेच्या संकेतस्थळावर आहेत, ऑगस्ट १९७८ चे शेवटचे दिवस बघा. मीही बघतो. सापडलं की नवा धागा काढू, हा लांबला फार.